तेल, खार आणि कांताबाईच्या तीन पळ्या

मी एकतीस वर्षं लोणच्यात काढली. असं सांगितलं की समोरचा माणूस एकतर हसतो, नाहीतर लगेच कैरीच्या लोणच्याची कृती विचारतो. मला लोणचं घालता येत नाही. आमच्या घरी लोणचं घालायचे माझे यजमान, तेही दर अर्ध्या तासानं त्यांच्या आईला फोन करून. मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, एका लोणची-मसाल्यांच्या कारखान्यात केमिस्ट होते. लोणचं करणं हे माझं काम नव्हतं. ते दहा महिने टिकेल की नाही, हे आधी सांगणं हे माझं काम. म्हणजे तसं ज्योतिषाचंच. फरक इतकाच की ज्योतिष्याचं भाकीत चुकलं तर त्याच्या दारात टेम्पो भरून डबे परत येत नाहीत.

माझ्या दारात येत. तक्रारीचा प्रत्येक डबा आधी माझ्या टेबलावर यायचा, त्यामुळे गिऱ्हाईक नावाचा प्राणी मी फार जवळून पाहिलाय. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका धाबेवाल्यानं एकदा फोन केला, "मॅडम, तुमचं लोणचं बोलायलंय." मी विचारलं, काय बोलतंय? तर म्हणाला, "फुसफुस करायलंय, तुम्हीच ऐका," आणि त्यानं फोन बरणीच्या तोंडाशी धरला. नंतर कळलं, ताकाच्या भांड्यातला चमचा न धुता तो लोणच्यात घालत होता. खुलताबादचे एक निवृत्त हेडमास्तर दर उन्हाळ्यात पत्र पाठवायचे. "आपल्या बरणीत फोडी बत्तीस, पैकी नुसत्या कोयी अकरा." अक्षर इतकं सुरेख की त्यांची पत्रं मी फेकली नाहीत. आम्ही त्यांना नवी बरणी पाठवायचो आणि ते त्यातल्याही कोयी मोजायचे.

हे सगळं गमतीचं. पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती वेगळी आहे. तिच्यासाठी आधी थोडं शास्त्र सांगावं लागेल. घाबरू नका, वहीपेन लागणार नाही.

लोणच्याच्या बरणीत दोन पातळ पदार्थ असतात. एक तेल, दुसरा खार, म्हणजे कैरीला मीठ लागून सुटलेलं पाणी. हे दोघं एका बरणीत जन्म काढतात पण एकमेकांत मिसळत नाहीत. कारखान्याच्या लोणच्यात आम्ही टिकण्यासाठी एक आम्ल घालतो, बेन्झॉइक आम्ल. अगदी थोडं, आणि किती घालायचं याची सरकारी मर्यादा ठरलेली. बुरशी आणि यीस्ट राहतात खारात. तेलात त्यांना जगता येत नाही. म्हणजे पहारा खारात हवा. पण या आम्लाची खोड अशी की त्याला पाण्यापेक्षा तेल फार आवडतं. तेल आणि पाणी सारखं घेतलंत तर सहातले पाच भाग तेलात जाऊन बसतात आणि पाण्यात उरतो एक. ज्याला पहाऱ्याला ठेवलं तोच शेजाऱ्याच्या ओसरीवर गप्पा मारत बसलेला.

तेव्हा किती आम्ल घातलं याला फारसा अर्थ नाही. खारात किती उरलं याला आहे. ते तेल किती, खार किती, आंबटपणा किती यावरून आधीच काढता येतं. त्रैराशिकापेक्षा थोडं पुढचं गणित आहे, पण आहे गणितच. आमच्या कैरीच्या लोणच्यात आम्लाचे शंभर दाणे टाकले असं समजा, तर चव्वेचाळीस खारात राहणार आणि छप्पन्न तेलात जाणार, असा माझा हिशेब होता. चाळिसाच्या वर असलं की लोणचं दहा महिने बिनघोर. चव्वेचाळीस हा आकडा मी काढलेला, आणि मला त्याचा गर्व होता. नव्या पोरींना मी तो जरा जास्तच वेळा ऐकवायचे, असं माझी सहायक म्हणायची.

तर पैठणचा एक केटरर होता, लग्नाकार्याच्या पंगती घालणारा. त्याला पाच किलोचे डबे हवे होते. आमचं भरायचं मशीन बरण्यांसाठी होतं, रुंद तोंडाचे डबे त्यावर बसत नव्हते. म्हणून डबे हातानं भरायचे ठरलं आणि त्या टेबलावर मुख्य नेमली कांताबाईला.

कांताबाई आमच्याकडची सर्वांत जुनी कामगार. गंगापूरकडच्या शेतकरी घरातली, पन्नाशी ओलांडलेली, आवाज असा की मशीन चालू असतानाही तिचं बोलणं गेटवर ऐकू यावं. फोड नुसती दाबून ती सांगायची, ही कैरी पाडाची आहे की आधीच उतरवलेली. आणि मी यंत्रावर तपासायला घेऊन जायचे तर तिचंच बरोबर निघायचं. मला ती "मॅडम" म्हणायची, पण ज्या सुरात सुनेला "बाई गं" म्हणतात त्या सुरात. आम्हा दोघींचं एकमेकींवाचून अडत नव्हतं आणि एकमेकींवर फारसा विश्वासही नव्हता. तिला वाटायचं मी लोणच्यात औषध घालते. मला वाटायचं ती लोणच्यात अंदाज घालते.

तिसऱ्या महिन्यात पैठणचे डबे फुगले. केटरर स्वतः टेम्पोत बसून आला. झाकणं वर आलेली, आत खारावर पांढरी साय, आणि वास विचारू नका. "वऱ्हाडी हसू लागले मला," तो म्हणत होता, "नवरदेवाच्या मामानं झाकण उघडलं आन् सगळं त्याच्या सदऱ्यावर." आम्हाला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

त्याच दिवसांत, त्याच घाण्यातून मशीननं भरलेल्या बरण्या मी उघडून पाहिल्या. एकदम ठणठणीत. बिघडले ते फक्त हातानं भरलेले डबे. आता यावरून कुणीही काय म्हणेल? हात.

मीही तेच म्हणाले. टेबलावरच्या सहाही बायकांच्या हातांचे नमुने घेतले, नखं तपासली, हातमोजे बदलले, कुणाच्या बांगडीखाली ओल राहते का ते पाहिलं. आठवडाभर मी त्या बायकांचे हात उलटेपालटे करत होते. काही सापडलं नाही. फुगलेला डबा अख्खा मिक्सरमधून काढून त्यातलं आम्ल मोजलं. हवं त्यापेक्षा दहाव्या भागानं कमी आलं. एवढा फरक चालतो, म्हणून मी सही करून कागद फायलीत लावला. ती सही मला अजून टोचते, कारण उत्तर त्याच कागदावर होतं.

मला काही सापडत नाही म्हटल्यावर कांताबाईनं तिचं निदान काढलं. ती शेठकडे गेली. शेठ म्हणजे आमचे मालक, भला माणूस, पण डोक्याचा ताप लवकर संपावा एवढंच त्यांना हवं असे. कांताबाई म्हणाली, "शेठ, येवढं साधं हाय. कुनीतरी अडचनीत असताना लोनच्याला शिवलं. घरी आपन करतो का असं? मग हितं कसं चालंल? ज्या बाईची पाळी असंल तिनं ते चार दिवस टेबलाला शिवायचं नाय. तारखा मला सांगून ठेवायच्या."

टेबलावरच्या चार बायकांनी मुकाट्यानं तारखा सांगितल्या. पाचवी संगीता. वाळूजहून यायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एका मुलीची आई, काम चटपटीत आणि बोलणं त्याहून. तिनं सांगितलं नाही. "मी नाय सांगनार," ती म्हणाली. "माझी तारीख माझ्या नवऱ्याला म्हाईत नाय, शेठला कशाला पायजे?"

झालं. जी सांगत नाही तिचंच काहीतरी आहे, असं कांताबाईनं ठरवलं. शेठनी बंदोबस्त असा केला की शनिवारपर्यंत संगीतानं ऐकावं, नाहीतर कामावर येऊ नये. ते माझ्यासमोर म्हणाले, "मॅडम, मला खामखा वाद नको. तुमच्याकडं दुसरं कारण असंल तर शनिवारच्या आत सांगा. नसंल तर हेच."

मी भीमनगरात वाढले. आमच्या घरी 'विटाळ' हा शब्द कुणी उच्चारला की माझे आजोबा पानावरून उठून बाहेर जाऊन बसायचे. का, ते आम्हाला लहानपणी कळायचं नाही, पुढे कळलं. तेव्हा शेठच्या केबिनमध्ये मला राग आला होता, आणि त्या रागात मी स्वतःही होते. कांताबाईनं जे विचारलं तेच मी आठवडाभर विचारत होते. कुणाच्या हातानं घाण केली? माझी भाषा तेवढी इंग्रजी पुस्तकातली होती.

दुसऱ्या दिवशी मी जे करायला हवं होतं ते केलं. प्रयोगशाळेतून उठले, डोक्याला टोपी घातली आणि भरायच्या टेबलाशी जाऊन एका पिंपावर बसले. हातांकडे बघायचं नाही, कामाकडे बघायचं, असं ठरवून. खरं सांगते, तीन महिने ते टेबल चालू होतं आणि मी तिथं दहा मिनिटं सलग कधी थांबले नव्हते. माझ्याकडे लोणचं यायचं ते झाकण लावून.

डबा काट्यावर ठेवायचा, वजन भरलं की काट्यावरून उतरवायचा. मग कांताबाईच्या हातात मोठी पळी, पाव लिटरची. शेजारच्या पातेल्यात फोडणी देऊन गार केलेलं सरकीचं तेल. माझ्या कृतीप्रमाणे डब्याला एक पळी. कांताबाईनं एक पळी ओतली, मग दुसरी, मग तिसरी. वरून बोटानं डब्याचा काठ पुसला आणि झाकण लावायला पुढे सरकवला. पुढचा डबा, पुन्हा तीन.

"कांताबाई, तीन का?"

"काय बघायलात मॅडम?" ती म्हणाली. "वजनाच्या वर घालायले मी. गिऱ्हाइकाचं काय नुकसान नाय."

"कृतीत एक आहे."

"कृती तुमची कागदावरची. लोनच्यावर तेल दिसलं पायजे का नाय? पंगतीत मान्सं जेवायला बसनार, त्यायला कोरडं लोनचं वाढायचं? आन् तेल वर आसलं की लोनचं नासत नाय, हे काय नवं सांगायचं का? उलट मीच जपते तुमचं लोनचं."

घरच्या लोणच्याला तिचं म्हणणं अगदी खरं आहे. घरी भरपूर मीठ असतं, वरच्या तेलानं हवा आत जात नाही, लोणचं टिकतं. पण आमच्या लोणच्याचा पहारेकरी ते आम्ल होतं, आणि कांताबाई त्याला रोज तीन पळ्यांचं आमंत्रण देत होती. मी तिथंच पिंपावर बसून तोंडी हिशेब केला. एका पळीला चव्वेचाळीस, तीन पळ्यांना बत्तीस. बत्तिसात यीस्टची जत्रा भरते. मिक्सरमधून काढलं की तेल-खार एक होतं, म्हणून माझ्या तपासणीत आम्ल जवळपास सगळं दिसायचं. ते खारात नव्हतं हे दिसायचं नाही. दहावा भाग कमी आला होता तो या जादा तेलामुळेच.

उत्तर सापडल्याचा आनंद मला पिंपावरून उतरेपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की हे सांगितलं तर संगीता सुटते आणि कांताबाई अडकते. शेठना कुणीतरी हवं होतं, कोण ते महत्त्वाचं नव्हतं. आणि कांताबाईनं केलं काय होतं? लोकांना चांगलं खायला मिळावं म्हणून हात सैल सोडला होता. जादा तेल खारातलं आम्ल ओढून घेतं हे तिला कुणी सांगायचं होतं? ते जिला माहीत होतं ती वर बसून चव्वेचाळीसचा गर्व वाहत होती.

शुक्रवारी दुपारी मी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. शेठ आणि टेबलावरच्या सहा बायका. एका चिठ्ठीवर दोन आकडे लिहिले, घडी घातली आणि शेठच्या खिशात ठेवायला दिली. "मी काय होणार ते आधी लिहून दिलंय. आता बघा. चुकलं तर शनिवारचा तुमचा निर्णय तुमचा."

टेबलावर साधं स्वच्छ पाणी आणि त्यात विरघळवलेलं तेच आम्ल. त्यात रंग बदलणाऱ्या एका रसायनाचे दोन थेंब. वर उभ्या नळीत सोड्याच्या जातीचं पातळ पाणी, ते थेंब थेंब सोडायचं. जोवर आम्ल आहे तोवर पाणी बिनरंगाचं, आम्ल संपलं की एका थेंबात गुलाबी. जितकं आम्ल तितके थेंब. मी आम्ल असं मोजून घेतलं होतं की नुसत्या पाण्याला शंभर थेंब लागावेत. थेंब मोजायला मी कांताबाईलाच बसवलं. डबे मोजण्यात तिची चूक झालेली कुणी पाहिली नव्हती, तिच्या मोजणीवर कुणी शंका घेणार नव्हतं.

"शंभराला गुलाबी झालं," ती म्हणाली. "चांगलं दिसतंय."

आता तेल. खाली तोटी असलेलं काचेचं नरसाळं असतं. त्यात तेवढंच आम्लाचं पाणी घालायचं, वर तेल, बूच लावून दोन्ही हातांनी जोरात हलवायचं, मग टांगून ठेवायचं. तेल वर येतं, पाणी खाली, आणि तोटीतून नुसतं पाणी काढून घेता येतं. पहिल्यांदा एका पळीच्या हिशेबानं तेल घातलं आणि नरसाळं मी संगीताच्या हातात दिलं. ती अगदी माझ्याशेजारी उभी होती म्हणून दिलं, मनात दुसरं काही नव्हतं.

तिनं ते घेतलं नाही. कांताबाईकडे बघून म्हणाली, "मॅडम, आज माझा दुसरा दिवस हाय. चालंल का?"

जे ती आठवडाभर कुणाला सांगत नव्हती ते तिनं मालकासमोर स्वतःहून सांगितलं. शेठ खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघू लागले. कांताबाई स्टुलासकट वीतभर मागे सरकली. मला एकदम हसू आलं. "मग तर तूच हलव," मी म्हटलं. "चांगलं दोन मिनिटं."

संगीतानं ते नरसाळं असं हलवलं की बूच उडतंय की काय असं मला वाटलं. तेल वर आलं, पाणी खाली. पाणी काढलं, कांताबाई मोजू लागली. पंचेचाळीसला गुलाबी.

दुसऱ्यांदा तीन पळ्यांच्या हिशेबानं तेल. पुन्हा संगीतानंच हलवलं. कांताबाई मोठ्यानं मोजत होती, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. एकतिसाव्या थेंबाला पाणी गुलाबी झालं आणि ती मोजायची थांबली.

"शेठ, चिठ्ठी काढा," मी म्हटलं.

चिठ्ठीवर होतं, चव्वेचाळीस आणि बत्तीस. दोन्हीकडे एकेका थेंबाची चूक. लग्न जुळवताना लोक छत्तिसांत अठरावर समाधान मानतात, त्या मानानं मला लाजायचं कारण नव्हतं. शेठ एकदा चिठ्ठीकडे आणि एकदा नरसाळ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तेल जास्त झालं की पाण्यातलं औषध कमी? आन् हात कुणाचाही असो?"

"हात कुणाचाही असो," मी म्हटलं. "ही चूक माझी आहे. तेल वाढलं की काय होतं हे मी खाली कधी सांगितलंच नाही. कृतीवर लिहिलं नाही, टेबलाशी जाऊन पाहिलं नाही, आणि तपासताना सगळं एकत्र दळून टाकलं. डबे माझ्या सहीनं गेलेत."

मला वाटलं होतं हे इथं थांबेल. पण कांताबाई उठली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खोलीच्या बाहेर गेला नाही. "मॅडम उगी आपल्यावर घ्यायल्यात, शेठ. पळी माझी होती. एकाच्या जागी तीन मी घातल्या. कुनाला न इचारता." मग ती संगीताकडे वळली. सगळ्यांना वाटलं आता हात जोडेल किंवा रडेल. तसलं काही तिच्यात नव्हतं. ती म्हणाली, "पोरी, तुझ्यावर मी उगंच आळ घेतला. उद्यापासून माझ्याजागी पळी तू धर."

"मला नको तुमची पळी," संगीता म्हणाली. "ती लई जड हाय. तारखांचा कागद तेवढा फाडा."

कागद कांताबाईच्या कमरेच्या पिशवीतच होता. तिनं तो काढून फाडला आणि तुकडे माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. शेठनी कुणालाच काढलं नाही. त्यांना एक कारण हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते माणूस नसून तेल होतं याचा त्यांना माझ्या मते आनंदच झाला. पैठणच्या केटररला ते स्वतः जाऊन भेटून आले.

पळीचं पुढे काय झालं तेही सांगते. एक पळी असा हुकूम काढणं सोपं होतं. पण केटररनं निरोप पाठवला, डबे फुगायला नकोत पण तेल तेवढंच हवं. म्हणून मी कृतीच बदलली. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं त्याचा स्वभाव उलटा, ते तेलाकडे ढुंकून बघत नाही, पाण्यातच राहतं. ते थोडं वाढवलं, मोहरी थोडी वाढवून त्याचा वास झाकला, आणि तीन पळ्या धरून नव्यानं हिशेब मांडला. मी निवृत्त झाले तोवर शहराचं नाव बदललं, त्यापायी लेबलावरचा पत्ताही बदलला. कृतीतल्या तीन पळ्या मात्र तशाच होत्या, आता माझ्या सहीच्या. आणि रोज अर्धा तास मी टेबलाशी बसायला लागले होते. आधीची वर्षं बसले नाही याची हळहळ अजून वाटते.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. सगळे गेल्यावर मी भांडी विसळत होते. कांताबाई परत आली. एका हातात चहाचा ग्लास, तो तिनं माझ्यापुढे ठेवला आणि मघाच्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत ती माझ्या खोलीत कामाशिवाय कधी बसली नव्हती.

"मॅडम, एक इचारू? तुमचं गनित फक्त म्होरचं सांगतं का मागचं बी?"

"म्हणजे?"

"माझं लगीन झालं त्या साली सासूबाईच्या लोनच्याच्या दोन बरन्या नासल्या. कैरीच्या. अशीच पांढरी साय आली. समदे म्हनाले, नवी सून अडचनीत शिवली. मी नव्हते शिवले. त्या दिवसांत मी गोठ्याकडंच होते. पर घरदार म्हनायलं, गाव म्हनायलं, तवा मलाबी वाटाय लागलं, शिवले आसंल. चुकून. ध्यानात नसंल." तिनं चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "चार महिने म्हायेरी धाडलं होतं मला. भाऊ येऊन पाया पडला तवा परत घेतलं. तवापासून मी लोनच्याला लई जपते, मॅडम. लई जपते."

मला तिचा हात धरावासा वाटला, पण ती तसल्या गोष्टीला आलेली नव्हती.

"त्या बरन्यांचं काढून देता का?" ती म्हणाली.

मी हात पुसले, कागद घेतला आणि तिच्यासमोर बसले. बरण्या ओल्या होत्या का? "नाय. धा दिवस उन्हात ठिवल्या व्हत्या, मीच." फोडी? "एकेक फोड पुसली, ती बी मीच." तेल किती? "करडीचं. फोडी बुडून वर चार बोटं." मी लिहीत गेले. त्या बरण्यांत माझं आम्ल नव्हतं, मग टिकवणार ते एकच.

"आणि मीठ?"

कांताबाई सांगायला तोंड उघडून तशीच राहिली. मग सावकाश म्हणाली, "मिठाला सासूबाई कुनाला हात लावू देत नव्हत्या. मीठ त्यायच्या हातचं."

"किती घातलं ते आठवतं?"

तिला आठवत होतं. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. "येवढं. दोन्ही बरन्या मिळून. त्यायला खारट सोसत नव्हतं, पाय सुजायचे."

मी कैऱ्यांचं वजन विचारलं, आकडे मांडले आणि किती मीठ लागलं असतं ते खाली लिहिलं. पाच ओंजळी. कागद तिच्याकडे फिरवला. कांताबाईनं माझ्या आकड्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं, आणि हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा हसायची, शेवटी माझी सहायक दारातून डोकावून गेली.

"सही करा," ती म्हणाली.

मी सही केली, खाली कारखान्याचा शिक्काही मारला. तिनं कागदाची चार पदरी घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

"सासूबाई तर गेल्या वारून," उठताना ती म्हणाली, "पर ननंदा दोगी हायेत. ऐतवारी जाते."